अंतराचे देणे

दिवाळीला घरी आलेल्या माणसापुढे पाण्याचा तांब्या ठेवता ठेवता आपण एक प्रश्न हमखास विचारतो : "किती तास लागले?" किती किलोमीटर पडले, असे कोणी विचारीत नाही. पाहुणाही तासांतच उत्तर देतो आणि त्या उत्तरात पुष्कळ काही सांगून जातो. पुण्याहून नंदुरबारकडे येणारा मनुष्य नुसते "रात्रभर" म्हणाला, की गाडीत जागा मिळाली असेल की नाही, डोळा लागला असेल की नाही, हे घरच्यांना आपोआप कळते आणि कोणीतरी न सांगताच अंघोळीचे पाणी तापत ठेवते. अंतर ही भूगोलातली गोष्ट खरी. पण ते भोगावे लागते वेळात.

विमान आल्यापासून भूगोलाचा हिशेब आणि वेळेचा हिशेब एकमेकांपासून किती दूर गेले आहेत, हे मोठे पाहण्यासारखे आहे. आपल्या खानदेशातलेच उदाहरण घेऊ. जळगावच्या विमानतळापासून पुण्याच्या विमानतळापर्यंत आकाशातून सरळ रेषेत मोजले, तर सुमारे ३२० किलोमीटर भरतात. या मार्गावर २०२४ साली सत्तरेक आसनांचे, पंख्यांवर चालणारे विमान सुरू झाले. असे विमान उंचावर गेले म्हणजे ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास वेगाने जाते. शाळेतला मुलगा भागाकार करून लगेच सांगेल, की मग चाळीस मिनिटेसुद्धा लागू नयेत. पण अशा प्रवासाला वेळापत्रकात वेळ धरलेली असते तासा-सव्वातासाची. मग उरलेली वेळ जाते कुठे?

ती बहुतेक जमिनीजवळच खर्च होते. विमान धावपट्टीपर्यंत सावकाश चालत जाते, वारा बघून उड्डाण करते, हळूहळू उंची गाठते. आणि उतरतानाही हेच सारे उलट क्रमाने होते. पुण्याचे लोहगाव विमानतळ मुळात हवाई दलाचे. तेथे आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागले तर तेही वेळेत धरावे लागते. विमानवाल्यांचा हिशेब मोठा नेमका असतो. उभ्या विमानाच्या चाकांना ठोकळे लावलेले असतात. निघताना ते काढले त्या क्षणापासून, पोचल्यावर पुन्हा लावले त्या क्षणापर्यंतचा जो काळ, तो प्रवासाचा काळ.

हा हिशेब खोटा आहे असे मी म्हणणार नाही. वैमानिकाचे कामाचे तास आणि कंपनीचा खर्च यांचा मेळ अशाच हिशेबाने घालावा लागतो. परंतु तो विमानाचा हिशेब झाला. माणसाच्या चाकांचे ठोकळे निघतात ते त्याच्या घरच्या उंबऱ्याशी, आणि पुन्हा लागतात ते दुसऱ्या कोणाच्या तरी उंबऱ्याशी. मधला सगळा काळ त्याच्या आयुष्यातून वजा होत असतो.

आता नकाशावर पट्टी ठेवून आणखी एक अंतर मोजून पाहावे. सातपुड्याच्या पायथ्याचे आमचे अक्कलकुवा आणि पुण्याचा विमानतळ यांत सरळ रेषेत सुमारे ३३० किलोमीटर आहेत. म्हणजे जळगावच्या मानाने जेमतेम दहा-पंधरा किलोमीटर अधिक. पाखराच्या दृष्टीने दोन्ही गावे पुण्याला सारखीच लांब. पण अक्कलकुव्याच्या माणसाला पुणे रस्त्याने चारशेहून अधिक किलोमीटर पडते आणि त्यात एक अख्खी रात्र जाते. विमानानेच जायचा हट्ट धरला, तर दक्षिणेला जाण्यासाठी आधी पूर्वेची वाट धरायची. तळोदे, शहादे करीत दोनशेच्या आसपास किलोमीटर तुडवून जळगाव गाठायचे. त्याला पाच तास धरा. विमान सुटण्यापूर्वी तासभर आधी हजर राहायचे, तो एक तास. विमानातला सव्वा तास, आणि लोहगावला उतरून शहरात जायला आणखी एक. सव्वा तासाचा प्रवास असा सव्वाआठ तासांवर जातो. आमच्या तालुक्याला जवळ पडणारा विमानतळ म्हणाल तर तो सुरतेचा, म्हणजे परराज्यातला.

आणि हा हिशेब तालुक्याच्या गावचा आहे. अक्कलकुवा अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर आहे, येथे एस.टी.चे आगार आहे. येथल्या जामियात शिकण्यासाठी दूरदूरच्या प्रांतांतून मुले येतात. येथून वर मोलगीकडे निघाले, की देवगोईचा घाट लागतो, आणि घाटाच्या वर अंतराचे मापच बदलते.

एकदा वर्गात मी वेग आणि वेळ यांची उदाहरणे घालीत होतो. मुलांना विमानाचे फार आकर्षण; म्हणून जळगाव-पुण्याचेच उदाहरण फळ्यावर लिहिले. सारे आकडेमोडीला लागले. वसतिगृहात राहणारा, डोंगरावरून आलेला एक मुलगा मात्र पेन्सिल हातात धरून नुसता बसला होता. "का रे?" म्हणून विचारले तर म्हणाला, "गुरुजी, घरापासून धरायचे का विमानापासून?" मी म्हटले, "तुझे घर कुठे?" त्याने पाड्याचे नाव सांगितले आणि पुढे म्हणाला, "मोलगीपर्यंत गाडी. मग तिथून दोन डोंगर."

दोन डोंगर! हे माप कोणत्याही कोष्टकात नाही. पण त्याहून खरे माप मी ऐकलेले नाही. आपल्या जुन्या भाषेत अशी मापे पुष्कळ होती. हाकेच्या अंतरावरचे घर, दिवस कासराभर वर येईपर्यंत गाठता येणारे शेत, एका मुक्कामाचे गाव. कोससुद्धा मुलखामुलखाप्रमाणे लहानमोठा होई. या मापांना शास्त्र हसेल. पण त्यांचा एक गुण होता, की अंतर मोजताना ती चालणाऱ्या माणसाला विसरत नसत. हाक म्हटली की ती मारणारा गळा आला आणि ऐकणारा कानही आला. किलोमीटरला ना गळा, ना कान. म्हणूनच तो सर्वांना सारखा आहे. आणि म्हणूनच, तो सर्वांना सारखा आहे एवढ्यावर समाधान मानणे धोक्याचे आहे.

दिवाळीच्या निमित्ताने आणखी एक माप सांगितले पाहिजे. तुमच्या-माझ्या घरी दिवाळीला माणसे येतात. आमच्या डोंगरावरची माणसे दिवाळी सरली की जाऊ लागतात. दक्षिण गुजरातेतले साखर कारखाने सुरू होतात, ऊसतोडीच्या टोळ्या भरतात, आणि बायकामुले, भांडीकुंडी, कोंबड्यासुद्धा घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे ट्रकमध्ये, टेम्पोत चढतात. बारडोलीचा मुलूख येथून फारसा दूर नाही. पण गेलेल्या माणसाला विचारा, "आता गाठ केव्हा?" तो म्हणेल, "होळीला." काठीच्या होळीला सारा सातपुडा लोटतो, तेव्हा ही माणसे परततात. त्यांचे अंतर मोजायचे असेल, तर ते दिवाळीपासून होळीपर्यंत आहे असेच म्हणावे लागेल. मधल्या काळात शाळेतल्या काही जागा रिकाम्या दिसतात. हजेरी घेताना त्या नावापाशी क्षणभर थांबून पुढे जावे लागते.

येथे कोणी म्हणेल, की गुरुजी, तुम्ही अंतराला उगीच दुःख समजता. अंतर म्हणजे काही नेहमीच ओझे नसते. हा आक्षेप मला मान्य आहे. आळंदी ते पंढरपूर सरळ रेषेत दोनशे किलोमीटरसुद्धा नाही. विमानाला ते अर्ध्या तासाचेही काम नव्हे. वारकरी मात्र सुमारे अडीचशे किलोमीटर पायी चालत तेथे जातो आणि त्या दिवसांतला एकही दिवस वाया गेला असे त्याला वाटत नाही. कोणी त्याला विमानाचे तिकीट देऊ केले, तर तो हसून नको म्हणेल. आमच्याकडे महाशिवरात्रीला याहा मोगी मातेच्या जत्रेला, सागबाऱ्याजवळच्या देवमोगऱ्याला, माणसे डोक्यावर टोपल्या घेऊन डोंगर ओलांडून चालत जातात. ती वाट कमी करावी असे त्यांना वाटत नाही, कारण चालणे हाच पूजेचा एक भाग आहे.

पण या दोन चालण्यांत जो फरक आहे, तो साधा नाही. वारकरी चालतो, कारण त्याने चालायचे ठरविले आहे. त्याने न ठरविता ज्याला चालावे लागते, त्याची गोष्ट निराळी. पाड्यावर एखाद्या बाईला अवघडल्या अवस्थेत कळा सुरू होतात. पावसाळ्याचे दिवस, वाट निसरडी, गाडी वर येत नाही. मग बांबूला गोधडीची झोळी बांधतात, चार माणसे खांदा देतात आणि डोंगर उतरू लागतात. तोच सातपुडा, तशाच वाटा. जत्रेच्या दिवशी ज्या अंतराला आपण भक्ती म्हणतो, त्यालाच या दिवशी काय म्हणावे? तेव्हा अंतर चांगले की वाईट हा प्रश्नच फसवा आहे. ते कोणी कोणावर लादले, हा खरा प्रश्न आहे. निवडलेले अंतर माणसाला मोठे करते. लादलेले अंतर त्याच्याकडून काहीतरी काढून घेते.

याच्यापुढचा आक्षेप अधिक वजनाचा आहे. कोणतीही सोय आधी थोड्यांनाच मिळते. रेल्वे अशीच आली, तार-टपाल असेच आले, आणि मग हळूहळू सर्वांपर्यंत पोचले. मोबाईल फोन डोंगरावर गेलाच ना? विमानही जाईल. त्याला नावे ठेवणे हे मागासपणाचे लक्षण आहे.

मी विमानाला नावे ठेवीत नाही. आपल्या देशात विमानाने टपाल प्रथम गेले ते १८ फेब्रुवारी १९११ रोजी, अलाहाबादेहून नैनीला. अंतर अवघे दहा किलोमीटर, वेळ तेरा मिनिटे. आंरी पेके नावाच्या फ्रेंच वैमानिकाने सुमारे साडेसहा हजार पत्रे यमुनेच्या पलीकडे नेऊन टाकली. या हकिगतीतली मला आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. त्या पत्रांसाठी जी खास आकारणी केली होती, ती विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहाला दिली गेली. म्हणजे आपल्याकडच्या त्या पहिल्याच टपाल-उड्डाणात कोणाला तरी सुचले होते, की वर उडणाऱ्याने जमिनीवरच्या मुलांसाठी काही ठेवून जावे.

गंमत अशी की अलीकडची 'उडान' योजना मुळात याच विचारावर उभी आहे. ही योजना २०१६ साली जाहीर झाली आणि तिचे पहिले विमान २७ एप्रिल २०१७ रोजी शिमल्याहून दिल्लीला गेले. लहान गावांच्या मार्गावर सुमारे तासाभराच्या प्रवासाला, विमानातल्या निम्म्या आसनांपुरते, अडीच हजार रुपयांहून अधिक भाडे घेऊ नये, असे ठरले. त्यामुळे कंपनीला जी तूट येईल, ती भरून काढायची व्यवस्था केली. त्यासाठी मोठ्या शहरांमधल्या उड्डाणांवर थोडा आकार बसविला आणि राज्य सरकारांनीही आपला वाटा उचलला. साध्या भाषेत सांगायचे, तर मुंबईहून दिल्लीला जाणाऱ्या विमानाच्या उत्पन्नातला एक लहानसा हिस्सा जळगावसारख्या गावच्या प्रवाशासाठी निघू लागला.

सर्वांना ही योजना फळली असे नाही. महालेखापरीक्षकांच्या २०२३ सालच्या अहवालाप्रमाणे, योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ३७१ मार्ग प्रत्यक्ष सुरू झाले, त्यांतल्या ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पुरी केली आणि त्यानंतरही मार्च २०२३ मध्ये ५४ मार्ग चालू होते. आमच्या जळगावचाही अनुभव तोच. २०१७ च्या डिसेंबरात मुंबईचे विमान सुरू झाले आणि काही काळाने बंद पडले; २०१९ मध्ये दुसऱ्या कंपनीचे आले, तेही थांबले; मग २०२४ मध्ये तिसरी कंपनी आली.

तरीही त्या योजनेच्या मुळाशी असलेले तत्त्व मला मोलाचे वाटते. ते तत्त्व असे, की मनुष्य दूर राहतो हा त्याचा अपराध नाही. त्याच्या दूरपणाचा भार त्याने एकट्याने वाहायचा नाही. जे जवळ आहेत त्यांनी त्यातला काही उचलायचा. आपल्या एस.टी.ने हे फार पूर्वीपासून केले आहे. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, तिची पहिली गाडी गेली. आणि तेव्हापासून भरलेल्या मार्गाने रिकाम्या मार्गाला सांभाळून घ्यावे, या रीतीवर आडगावची मुक्कामाची गाडी चालत आली. अंतर हे सगळ्यांचे सामाईक कर्ज आहे, असे या दोन्ही व्यवहारांत गृहीत धरलेले आहे.

एकदा हे मान्य केले, की मग माझा प्रश्न अटळ होतो. कर्ज सामाईक आहे, तर त्याची वही विमानतळाच्या दारापाशीच का मिटावी? जळगावच्या प्रवाशाची रात्र वाचावी म्हणून आपण सर्वांनी मिळून पैसे भरले, हे योग्यच केले. पण ज्या न्यायाने ते भरले, त्याच न्यायाने झोळीतल्या बाईचे चार तास वाचविणे हे दान ठरत नाही. ते त्याच वहीतले, अधिक जुने आणि अधिक थकलेले देणे आहे.

या वहीची दोन पाने आमच्या तालुक्याच्या उत्तर सीमेवर, नर्मदेच्या पाण्यात, अगदी समोरासमोर उघडलेली दिसतात. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातली जी गावे गेली, त्यांत पहिले मणिबेली; ते आमच्याच तालुक्यातले. पाणी चढले तशा जुन्या वाटा बुडाल्या आणि काठच्या पाड्यांना होडीवाचून गती उरली नाही. याच धरणाच्या अंगाला, गुजरातच्या बाजूस, केवडियाच्या तलावावर ३१ ऑक्टोबर २०२० रोजी अहमदाबादशी जोडणारे, पाण्यावर उतरणारे विमान सुरू झाले. तीन-चार तासांची वाट त्याने पाऊण तासाच्या आत-बाहेर आणली. ही सेवाही 'उडान'मधलीच. २०२१ च्या एप्रिलात ती थांबली. आणि त्याच २०२० साली, साथीच्या भीतीने पाड्यांवरच्या आया मुलांना घेऊन येईनाशा झाल्या, तेव्हा आमच्या नर्मदाकाठची एक अंगणवाडी सेविका स्वतः होडी वल्हवीत त्यांच्याकडे जाऊ लागली. जाऊन येऊन सुमारे १८ किलोमीटर. बाळांची वजने घ्यायची, गरोदर बायांची विचारपूस करायची, खाऊ पोचवायचा आणि पुन्हा वल्हवीत परत यायचे. जळगाव-पुण्याच्या विमानाला एवढे अंतर कापायला दोन-सव्वादोन मिनिटे पुरतात.

त्या विमानातला प्रवासी दोषी आणि ही बाई थोर, असा सोपा निकाल मला द्यायचा नाही. तो बिचारा आपले तिकीट काढून बसलेला असतो. या बाईची वाहवा पुष्कळ झाली, तीही योग्यच. पण वाहवा करणे हा देणे चुकविण्याचा एक सोयीचा मार्ग असतो. ती वल्हवीत होती, कारण जे अंतर आपण सर्वांनी मिळून निर्माण केले, ते काटण्याचे काम तिच्या दोन दंडांवर येऊन पडले होते. तिला हार घालून ते अंतर वीतभरही कमी होत नाही.

मराठीत 'अंतर' या शब्दाचे एक वळण मोठे अर्थपूर्ण आहे. 'मी तुला अंतर देणार नाही' असे आपण म्हणतो, तेव्हा किलोमीटरांशी त्याचा काही संबंध नसतो. मी तुला टाकणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. एखादे माणूस आपल्याला 'अंतरले' म्हणजे ते आपल्यापासून तुटले. आपल्या पूर्वजांनी दूरपणाला आणि टाकून देण्याला एकच शब्द योजिला, यात त्यांचा अनुभव बोलतो आहे. माणूस नुसता लांब राहिल्याने अंतरत नाही. लांब राहणाऱ्याचा हिशेब आपण ठेवीनासे झालो, म्हणजे तो अंतरतो.

तेव्हा विमानतळ आणखी व्हावेत, विमाने वाढावीत, माझ्या वर्गातल्या त्या मुलाने एक दिवस खिडकीशी बसून आपलाच सातपुडा वरून पाहावा, हे मला मनापासून हवे आहे. माझी मागणी फार लहान आहे. दोन गावांमध्ये नवे विमान सुरू होते तेव्हा वर्तमानपत्रात अंतर छापतात, वेळ छापतात, किती तास वाचले ते छापतात. त्याच बातमीत, त्याच टायपात, आणखी एक आकडा छापावा : त्या जिल्ह्यातल्या शेवटच्या पाड्यावरून दवाखान्यापर्यंत पोचायला आज किती वेळ लागतो. दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवावेत आणि दर दिवाळीला, जमाखर्चाच्या वह्या पुजतो त्या दिवशी, दुसरा आकडा किती कमी झाला ते पाहावे.